स्तनांचा कर्करोग : गाठीतील जनुकांचा शोध आणि नेमक्या उपचारांची दिशा

स्तनांच्या कर्करोगाचे निदान झालेल्या महिलेच्या हाती पडणाऱ्या अहवालात आज केवळ गाठीचा आकार आणि आजाराची अवस्था एवढीच माहिती नसते. त्याच अहवालात ‘ईआर’, ‘पीआर’ आणि ‘हर-२’ अशी तीन नावे असतात आणि प्रत्येकापुढे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ अशी नोंद असते. पुढे कोणती औषधे द्यायची, ती किती काळ चालणार, केमोथेरपीची गरज आहे की नाही आणि उपचारांचा खर्च कोठवर जाणार, यांतील बरेच काही या तीन नोंदींवर ठरते. या नोंदींमागे गेल्या चार दशकांचे संशोधन उभे आहे. गाठ वाढते ती नेमकी कोणत्या जनुकामुळे, आणि ते जनुक रोखता येईल का, हे त्या संशोधनाचे मूळ प्रश्न आहेत.

या प्रश्नांचे महत्त्व आकड्यांवरून ध्यानात येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख महिलांना स्तनांचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार महिलांचा त्याने मृत्यू झाला. भारतात त्याच वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू नोंदले गेले. भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंचे प्रमाण भारतात जागतिक सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे. उशिरा होणारे निदान हे त्याचे मोठे कारण असले, तरी योग्य चाचणी आणि तिच्यावर आधारलेले योग्य औषध रुग्णापर्यंत न पोहोचणे हेही त्यामागचे एक कारण आहे.

चालक कोण आणि प्रवासी कोण

मानवी पेशीत सुमारे २० हजार अशी जनुके असतात, ज्यांच्या आधारे शरीरातील प्रथिने तयार होतात. पेशींचे विभाजन होताना या जनुकांची नक्कल केली जाते आणि त्या कामात अधूनमधून चुका होतात. यांतील बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. काही मात्र तशाच राहतात. वयाबरोबर अशा बदलांची संख्या वाढत जाते. या बदलांनाच शास्त्रीय परिभाषेत उत्परिवर्तने म्हणतात.

कर्करोगाच्या एका गाठीत अशी शेकडो, कधी हजारो उत्परिवर्तने आढळतात. त्यांतील बहुसंख्य बदलांचा गाठीच्या वाढीशी काहीही संबंध नसतो. एखाद्या बसमध्ये बसलेल्या प्रवाशांप्रमाणे ते गाठीबरोबर केवळ पुढे जात असतात. मोजकेच बदल मात्र चालकाच्या जागेवर असतात. पेशीला सतत विभाजित होण्याचा आदेश ते देतात किंवा विभाजन थांबवणारा ब्रेक निकामी करतात. म्हणूनच संशोधक पहिल्या गटाला ‘प्रवासी’ आणि दुसऱ्याला ‘चालक’ उत्परिवर्तने म्हणतात. प्रवाशांवर औषध शोधून उपयोग नसतो. उपचार चालकावरच करावे लागतात.

चालक ओळखण्याची पद्धत मुख्यतः तुलनेची आहे. एकाच रुग्णाच्या गाठीतील आणि रक्तातील डीएनए वाचून त्यांतील फरक शोधला जातो. असे शेकडो रुग्णांबाबत केल्यावर जे जनुक अपेक्षेपेक्षा अधिक वेळा बदललेले दिसते, त्यावर संशय बळावतो. त्यानंतर तो बदल प्रयोगशाळेतील पेशींमध्ये किंवा उंदरांमध्ये घडवून त्याचा परिणाम तपासला जातो. ब्रिटनमधील वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह ५६० स्तन कर्करोगांचा संपूर्ण डीएनए वाचून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ९३ जनुकांमध्ये संभाव्य चालक बदल आढळले. मात्र एकूण चालक बदलांपैकी निम्म्याहून अधिक केवळ दहा जनुकांत एकवटलेले होते. उरलेली जनुके थोड्या थोड्या रुग्णांमध्ये विखुरलेली होती. स्तनांचा कर्करोग हा एकच आजार नसून अनेक आजारांचा समूह आहे, हे या अभ्यासाने पुन्हा अधोरेखित केले.

उंदराच्या गाठीपासून औषधापर्यंत

जनुक शोधून त्यावर औषध तयार करण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ‘हर-२’चे आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या चेतासंस्थेतील गाठींचा अभ्यास सुरू होता. त्या गाठींत एक जनुक सापडले आणि त्याला ‘न्यू’ असे नाव मिळाले. १९८५ मध्ये जेनेन्टेक कंपनीतील ॲक्सेल उलरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसातील ‘हर-२’ जनुकाची रचना उलगडली. ती उंदरांमधील ‘न्यू’शी जुळणारी निघाली.

हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावर बसणारे एक प्रथिन तयार करते. वाढीचा संदेश बाहेरून आत पोहोचवणे हे त्याचे काम. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोनच प्रती असतात आणि प्रथिनाचे प्रमाण मर्यादित राहते. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १८९ स्तन कर्करोगांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ३० टक्के गाठींमध्ये या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, अशा महिलांमध्ये आजार लवकर उलटत होता आणि त्यांचे आयुर्मान कमी होते. पुढील काळातील व्यापक अभ्यासांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास स्थिरावले.

प्रथिन पेशीच्या बाहेरच्या बाजूस असल्यामुळे त्याला प्रतिपिंडाने गाठणे शक्य होते. शास्त्रज्ञांनी उंदरांपासून असे एक प्रतिपिंड मिळवले. मात्र मानवी शरीर उंदराचे प्रतिपिंड परके समजून नाकारते. त्यामुळे त्याचा केवळ प्रथिनाला चिकटणारा भाग ठेवून उर्वरित रचना मानवी प्रतिपिंडाची करण्यात आली. यातून ‘ट्रास्टुझुमॅब’ हे औषध तयार झाले आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला सप्टेंबर १९९८ मध्ये मंजुरी दिली.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार शरीरात पसरलेल्या ४६९ महिलांचा समावेश होता. केवळ केमोथेरपी घेणाऱ्या महिलांमध्ये आजार पुन्हा वाढू लागण्याचा मध्यम कालावधी ४.६ महिने होता. ट्रास्टुझुमॅबची जोड मिळालेल्या महिलांमध्ये तो ७.४ महिने झाला. हा फरक पाहता औषध क्रांतिकारक वाटणार नाही. त्याची खरी ताकद २००५ मध्ये दिसली. शस्त्रक्रियेनंतर, आजार अन्यत्र पसरण्यापूर्वीच हे औषध दिल्यास तो उलटण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो, असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. एकेकाळी सर्वांत घातक मानल्या जाणाऱ्या प्रकाराचे चित्र त्यामुळे पालटले. या कार्यासाठी स्लॅमन, उलरिच आणि मायकेल शेपर्ड यांना २०१९ मध्ये लास्कर पुरस्काराने गौरवण्यात आले.

चाचणी नसती तर औषधही हरवले असते

या इतिहासातील एक धडा अनेकदा दुर्लक्षित राहतो. ट्रास्टुझुमॅबची चाचणी गाठीतील जनुक न तपासता सरसकट सर्व रुग्णांवर घेतली असती, तर ते औषध कदाचित निरुपयोगी ठरवले गेले असते. समजा, १०० महिलांपैकी २० जणींच्या गाठीत हर-२ वाढलेले आहे आणि त्यांतील निम्म्यांना औषध लागू पडते. म्हणजे लाभ होणार केवळ १० जणींना. उरलेल्या ९० जणींच्या आकड्यांत हा लाभ सहज बुडून गेला असता. रुग्णांची निवड आधीच चाचणीने केल्यामुळे तुलनेने लहान अभ्यासातही परिणाम स्पष्ट दिसला. औषधाच्या मंजुरीबरोबरच रुग्ण निवडण्याच्या चाचणीलाही मंजुरी मिळाली आणि ‘आधी जनुक, मग औषध’ ही पद्धत कर्करोग उपचारांत रुजली.

हाच विचार संप्रेरकांच्या बाबतीत त्याआधीच मूळ धरू लागला होता. स्कॉटलंडमधील शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये स्तन कर्करोगाच्या रुग्णांचे अंडाशय काढून टाकल्यावर काहींच्या गाठी आक्रसल्याचे नोंदवले होते. सर्वांनाच हा लाभ का होत नाही, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन ग्राही सापडल्यानंतर झाला. ज्या गाठींच्या पेशींत हे ग्राही असतात, त्यांनाच इस्ट्रोजेनचा पुरवठा लागतो. अहवालातील ‘ईआर’ हीच ती नोंद होय. ‘टॅमॉक्सिफेन’ हे इस्ट्रोजेनला अडवणारे औषध अमेरिकेत १९७७ मध्ये मंजूर झाले आणि आजही जगभर वापरले जाते.

जनुकांच्या अभ्यासामुळे उपचार वाढतात तसे ते टाळताही येतात. गाठीतील २१ जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या चाचणीवर आधारित एका मोठ्या अभ्यासात १० हजारांहून अधिक महिलांची नोंद झाली होती. लसिकाग्रंथींपर्यंत न पोहोचलेल्या, संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगात मध्यम गुण मिळालेल्या बहुसंख्य महिलांना केमोथेरपीची गरज नसल्याचे २०१८ मध्ये त्यातून स्पष्ट झाले. पन्नाशीच्या आतील काही महिलांना मात्र तिचा थोडा लाभ दिसला. केस गळणे, जंतुसंसर्ग आणि थकवा यांसारख्या त्रासांतून अनेकींची सुटका होऊ शकते, ती अशा चाचणीमुळे.

वारशाने आलेला दोष

वर उल्लेखिलेले बहुतेक बदल आयुष्यात पुढे केव्हातरी, केवळ गाठीच्या पेशींत घडतात. ते पुढील पिढीकडे जात नाहीत. स्तन कर्करोगाच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये मात्र एखादा दोष जन्मतःच, शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. अशा आनुवंशिक कारणाचा शोध घेत अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये एका जनुकाचा माग १७ व्या गुणसूत्रापर्यंत काढला. त्या काळी कर्करोगासारखा गुंतागुंतीचा आजार एखाद्या जनुकाशी जोडता येईल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. १९९४ मध्ये ‘बीआरसीए-१’ आणि १९९५ मध्ये ‘बीआरसीए-२’ ही जनुके प्रत्यक्ष हाती लागली.

ही जनुके वस्तुतः शरीराची रखवालदार आहेत. डीएनएची साखळी दोन्ही बाजूंनी तुटली, तर ती अचूक जोडण्याचे काम त्यांच्या प्रथिनांकडे असते. जनुकच सदोष असेल तर दुरुस्ती नीट होत नाही आणि चुका साचत जातात. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, असा दोष असलेल्या महिलांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

या दोषाची दुसरी बाजूच उपचाराची संधी ठरली. पेशीकडे डीएनए दुरुस्तीचे अनेक मार्ग असतात. ‘पार्प’ नावाचे प्रथिन साखळीच्या एका बाजूची मोडतोड सांभाळते. ते औषधाने रोखले, तर निरोगी पेशी बीआरसीएच्या मार्गाने निभावून नेते. गाठीच्या पेशीत मात्र तो मार्ग आधीच बंद असतो. दोन्ही वाटा बंद झाल्याने ती पेशी मरते. हे तत्त्व दोन संशोधक गटांनी २००५ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. त्यावर आधारलेले ‘ओलापॅरिब’ हे औषध अमेरिकेत जानेवारी २०१८ मध्ये बीआरसीए दोष असलेल्या, पसरलेल्या स्तन कर्करोगासाठी मंजूर झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,८३६ रुग्णांच्या चाचणीत आजार लवकरच्या अवस्थेत असतानाही त्याचा लाभ दिसला. तीन वर्षांनंतर आक्रमक आजारापासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ८५.९ टक्के, तर इतरांत ७७.१ टक्के होते.

या जनुकांच्या मालकीचा वादही गाजला. एका अमेरिकी कंपनीकडे त्यांची एकस्वे असल्याने चाचणीचा खर्च दीर्घकाळ चढा राहिला. निसर्गात आढळणाऱ्या डीएनएवर एकस्व घेता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये दिला. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी या चाचण्या सुरू केल्या.

आनुवंशिक दोषाबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. आजी, आई आणि मावशी यांचीच चौकशी होते. वडिलांकडील बाजू विसरली जाते. वास्तविक हा दोष आई किंवा वडील यांपैकी कोणाकडूनही येऊ शकतो आणि प्रत्येक अपत्यात, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे आत्या किंवा वडिलांच्या आईला झालेला आजारही तितकाच महत्त्वाचा ठरतो. पुरुषांतही या दोषामुळे स्तनांचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

औषधाला गुंगारा देणारी गाठ

संप्रेरकांवर वाढणाऱ्या आणि हर-२ निगेटिव्ह असलेल्या कर्करोगांपैकी सुमारे ४० टक्के गाठींत ‘पीआयके३सीए’ हे जनुक बदललेले असते. त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध २००४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. त्यावरील ‘अल्पेलिसिब’ हे औषध मंजूर होण्यास २०१९ साल उजाडले. ते संप्रेरक उपचारांसोबत दिल्यास जनुक बदललेल्या रुग्णांमध्ये आजार रोखून धरण्याचा मध्यम कालावधी ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला.

पंधरा वर्षांच्या या अंतरामागे जीवशास्त्रीय कारण आहे. हे जनुक ज्या संदेशमार्गावर काम करते, त्याच मार्गाने इन्सुलिनही पेशींना रक्तातील साखर घेण्यास सांगते. मार्ग अडवला की गाठीची वाढ मंदावते, पण रक्तातील साखरही वाढते. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतासारख्या देशात हा दुष्परिणाम दुय्यम मानता येत नाही. चालक जनुक सापडले म्हणजे औषध सापडलेच असे होत नाही. शरीराच्या इतर कामांना धक्का न लावता त्याला रोखण्याचे आव्हान उरतेच. ट्रास्टुझुमॅबमुळेही काही रुग्णांच्या हृदयाची क्षमता घटते आणि म्हणून उपचारांदरम्यान ठरावीक काळाने हृदयाची सोनोग्राफी करावी लागते.

दुसरी अडचण गाठीच्या बदलत्या रूपाची आहे. संप्रेरक उपचार दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांमध्ये ‘ईएसआर-१’ या जनुकात बदल होतो. हे जनुक इस्ट्रोजेन ग्राही तयार करते. बदलानंतर तो ग्राही इस्ट्रोजेन नसतानाही सक्रिय राहतो आणि औषध निष्प्रभ ठरू लागते. पहिल्या बायोप्सीत हा बदल सहसा दिसत नाही, कारण तो उपचारांच्या दबावाखाली नंतर वाढीस लागतो. गाठीतून रक्तात मिसळणारे डीएनएचे सूक्ष्म तुकडे तपासून तो ओळखता येतो. अशा रुग्णांसाठी ‘एलासेस्ट्रंट’ या गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. आजार उलटल्यास जुन्या अहवालावर विसंबून न राहता नव्याने तपासणी करण्याचा आग्रह तज्ज्ञ धरतात, त्याचे हे एक कारण.

जुनी सीमारेषा पुसण्याचे कामही संशोधनाने केले आहे. ‘ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन’ या औषधात प्रतिपिंडाला केमोथेरपीचा रेणू जोडलेला असतो. प्रतिपिंड हर-२ शोधून पेशीला चिकटते आणि औषध थेट तिच्या आत पोहोचवते. पूर्वी हर-२ निगेटिव्ह ठरवल्या जाणाऱ्या, परंतु हे प्रथिन अल्प प्रमाणात असलेल्या रुग्णांनाही त्याचा लाभ होतो, असे २०२२ मध्ये दिसून आले. त्या चाचणीत एकूण आयुर्मानाचा मध्यम कालावधी १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेला. फुप्फुसांना सूज येण्याचा गंभीर दुष्परिणाम या औषधात संभवतो आणि त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

तिन्ही नोंदी निगेटिव्ह असतील तर

ईआर, पीआर आणि हर-२ या तिन्ही नोंदी निगेटिव्ह असलेल्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात मात्र अजूनही मोठे कोडे शिल्लक आहे. या गाठींपैकी बहुसंख्य गाठींत ‘टीपी-५३’ हे जनुक बिघडलेले असते. हे जनुक पेशीचा ब्रेक आहे. जास्त काम करणाऱ्या प्रथिनाला औषधाने अडवता येते, पण निकामी झालेला ब्रेक पूर्ववत करणे कितीतरी अवघड असते. टीपी-५३ वर स्तन कर्करोगासाठी मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही.

भारतासाठी हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. पाश्चात्त्य देशांत या प्रकाराचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास आढळते. भारतातील रुग्णालयांवर आधारित अनेक अभ्यासांत ते २५ ते ३० टक्के किंवा त्याहून अधिक आढळले आहे. भारतीय रुग्णांचे सरासरी वय कमी असणे, हे या फरकाचे एक संभाव्य कारण मानले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने या प्रकारावर स्वतंत्र चाचणी घेतली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या केमोथेरपीला ‘कार्बोप्लॅटिन’ या जुन्या आणि तुलनेने स्वस्त औषधाची जोड दिल्यास पन्नाशीच्या आतील रुग्णांचे आयुर्मान सुधारते, असे निष्कर्ष तिने २०२२ मध्ये मांडले. जनुकांवर नेम धरणारी महागडी औषधे आवाक्याबाहेर असताना, जुन्या औषधाची योग्य रुग्णासाठी निवड करणे हेही संशोधनाचेच फलित आहे.

भारतीय रुग्णांची माहिती भारतातून

जागतिक जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या रुग्णांचे प्रमाण मोठे आहे. त्याचा थेट फटका अन्य देशांतील रुग्णांना बसतो. बीआरसीए चाचणीत एखादा बदल आढळतो, परंतु तो घातक आहे की निरुपद्रवी हे ठरवण्यासाठी पुरेशी तुलना उपलब्ध नसते. अशा वेळी अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ अशी नोंद होते. पुढील निर्णय घेऊ पाहणाऱ्या महिलेसाठी आणि तिच्या मुलींसाठी हे उत्तर अपुरे असते. स्थानिक समाजातील पुरेशी माहिती जमा झाली, तरच अशा नोंदी कमी होऊ शकतात.

या दिशेने आयआयटी मद्रासने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘भारत कॅन्सर जीनोम ॲटलास’ खुला केला. देशाच्या विविध भागांतील ४८० स्तन कर्करोग रुग्णांच्या ऊतींच्या नमुन्यांचा त्यात समावेश आहे. पाचशेच्या आसपासची ही संख्या लहान वाटली, तरी भारतीय रुग्णांमधील बदलांची तुलना करण्यासाठी ती एक आधार देते.

माहितीइतकाच कळीचा प्रश्न परवडण्याचा आहे. ट्रास्टुझुमॅब भारतात आले तेव्हा त्याची एक कुपी लाखाच्या घरात जात होती. त्यावरील एकस्व २०१३ मध्ये मूळ कंपनीने भारतात सोडून दिले. बंगळूरच्या बायोकॉनने मायलॅन कंपनीसह विकसित केलेले समरूप औषध २०१४ च्या प्रारंभी बाजारात आले आणि त्यानंतर इतर कंपन्याही स्पर्धेत उतरल्या. याच भागीदारीतून तयार झालेले औषध डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले पहिले समरूप ट्रास्टुझुमॅब ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला होता. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनसह कर्करोगावरील तीन औषधे सीमाशुल्कातून पूर्णपणे वगळण्यात आली. तरीही जनुकाधारित नवी औषधे बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच आहेत.

साध्या प्रक्रियेतील मोठी चूक

औषध उपलब्ध असूनही चाचणी सदोष निघाल्यास सारे श्रम वाया जातात, आणि ही चूक अत्याधुनिक यंत्रात नव्हे, तर अगदी पहिल्या टप्प्यावर होऊ शकते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी आणि त्यात किमान ६ तास ते जास्तीत जास्त ७२ तास राहू द्यावी, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. गाठ बराच वेळ तशीच पडून राहिली किंवा अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये पाठवली, तर त्यातील प्रथिने नष्ट होतात आणि पॉझिटिव्ह असलेली गाठ निगेटिव्ह दिसू शकते. लहान शहरातून मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे नमुने जातात, तेथे ही काळजी विशेष गरजेची ठरते.

हर-२ चा अहवाल शून्य, १+, २+ किंवा ३+ असा दिला जातो. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ ही नोंद संदिग्ध मानली जाते आणि तिच्यानंतर जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजणारी ‘फिश’ चाचणी करणे आवश्यक असते. खर्चामुळे ती टाळली गेली, तर उपयुक्त औषधाची संधी हातची जाऊ शकते. गाठीचा नमुना मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला असतो आणि तो अनेक वर्षे टिकतो. रुग्ण किंवा कुटुंबीय तो मागून घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेकडून पुन्हा तपासून घेऊ शकतात.

आनुवंशिक चाचणी कोणी करावी, याबाबतही काही ठळक निकष आहेत. तरुण वयात झालेला कर्करोग, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार, दोन्ही स्तनांतील आजार, पुरुषाला झालेला स्तनांचा कर्करोग, किंवा कुटुंबात स्तन अथवा अंडाशयाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण असणे, यांपैकी काही असल्यास डॉक्टरांशी आणि आनुवंशिकता समुपदेशकाशी चर्चा करणे हिताचे ठरते. दोष आढळला, तर नियमित एमआरआय तपासणीपासून प्रतिबंधक शस्त्रक्रियेपर्यंतचे पर्याय उपलब्ध असतात. दोष नसल्याचे समजणे हाही कुटुंबासाठी मोठा दिलासा असतो. मात्र विवाहाच्या वाटाघाटींत अडचण येईल या धास्तीने अनेक घरांत ही माहिती दडवली जाते आणि ज्या बहिणीला वा मुलीला वेळीच सावध करता आले असते, तीच अंधारात राहते.

चाळीस वर्षांपूर्वी उंदराच्या गाठीत सापडलेल्या एका जनुकाने आज जगभरातील असंख्य महिलांचे आयुष्य वाढवले आहे. पुढचा चालक कोणता, हे शोधण्याचे काम प्रयोगशाळांत सुरूच राहील. ज्या चालकांवर औषध आधीच हाती आहे, त्यांची चाचणी प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचवणे हे मात्र आजच करता येण्यासारखे काम आहे. अहवालातील त्या तीन नोंदी पूर्ण आणि अचूक असणे, ही त्याची पहिली पायरी होय.